मानधन म्हणायचे की पगार

आमच्या संस्थेत शालेय विषयांचे डिजिटल पाठ तयार होतात. आम्ही दोघे भागीदार, आणि बाकीची ११ माणसे दरमहा बिल देणारी, अशी आमची रचना पहिल्या दिवसापासून होती. पाठ लिहिणारे, संपादन करणाऱ्या, चित्रे काढणारा, ध्वनिचित्रफिती जुळवणारा, सर्व्हर सांभाळणारे, हिशेब पाहणारे, या सगळ्यांशी आम्ही एकाच मसुद्याचा करार केला होता. त्या कराराच्या चौथ्या कलमात ‘या करारामुळे उभय पक्षांत मालक व कर्मचारी असे नाते निर्माण होणार नाही’ असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. हे वाक्य एकदा कागदावर आले की प्रश्न मिटला, असा माझा प्रामाणिक समज होता आणि तो जवळजवळ पाच वर्षे टिकला.

तो आमच्या संपादिकेने मोडला. त्यांनी गृहकर्जासाठी नोकरीचा दाखला मागितला, तेव्हा मी त्यांना ‘या स्वतंत्र व्यावसायिक असून संस्थेच्या कर्मचारी नाहीत’ असे पत्र दिले. बँकेने साहजिकच त्यांच्याकडे व्यवसायाचे कागद मागितले: नोंदणी, इतर ग्राहकांची बिले, खर्चाचा हिशेब. यांपैकी त्यांच्याजवळ काहीच नव्हते, कारण तीन वर्षांत आमच्याखेरीज दुसरा ग्राहक त्यांना नव्हताच. पत्र परत आणून देताना त्या शांतपणे म्हणाल्या, “व्यवसाय माझा असेल, तर रजेसाठी मी तुमच्याकडे अर्ज का करते?” या प्रश्नाचे उत्तर चौथ्या कलमात नव्हते.

ही रचना आम्ही का स्वीकारली होती, हे सांगणे भाग आहे. कर्मचारी म्हटले की भविष्यनिर्वाह निधी, विमा, भरपगारी रजा, कामावरून कमी करायचे झाल्यास नोटीस आणि देणी, असा पसारा येतो. स्वतंत्र व्यावसायिकाला बिल आल्यावर करकपात करून रक्कम दिली की संपले. नव्या संस्थेला हा मोह पडतो. त्यात मराठीतले शब्दही मदतीला येतात. ‘कंत्राटी’ हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या माणसांसाठी वापरतो: ठरावीक मुदतीसाठी नेमलेला कर्मचारी, ठेकेदारामार्फत आलेला कामगार, आणि स्वतःचा व्यवसाय म्हणून काम घेणारा माणूस. यांपैकी पहिला स्पष्टपणे कर्मचारी असतो, दुसरा ठेकेदाराचा असतो, आणि ‘कोणाचाच कर्मचारी नाही’ हे फक्त तिसऱ्याबद्दल म्हणता येते. ‘मानधन’ हा शब्द तर आणखी फसवा आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला, कामाचे प्रमाण काहीही असले तरी, तीच रक्कम त्याच खात्यात जात असेल, तर तिला मानधन म्हटल्याने फक्त आपल्याला बरे वाटते.

कामगार कायद्याचे काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे मी सगळ्या करारांची फाइल घेऊन गेलो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. त्यांना हवे होते ते मागच्या एका वर्षातले आमचे संदेश, ईमेल, बिले आणि कोणाला कोणती उपकरणे दिली याची यादी. करार शेवटी वाचू, असे त्या म्हणाल्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली रोजगारसंबंधांविषयी जी १९८ क्रमांकाची शिफारस मंजूर केली, तिचे सूत्रच असे आहे की दोन्ही पक्षांनी आपल्या नात्याला कोणतेही नाव दिलेले असो, निर्णय प्रत्यक्ष काम कसे होते आणि मोबदला कसा मिळतो या वस्तुस्थितीवरून करावा. कायदे देशागणिक वेगळे असले तरी ही दृष्टी बहुतेक ठिकाणी सारखीच आहे, असे त्यांनी सांगितले आणि मला घरचा अभ्यास दिला: आधी स्वतःचे संदेश स्वतः वाचायचे आणि प्रत्येक माणसापुढे, आपण त्याला काय काय सांगितले, ते लिहून काढायचे.

या कामाला चार संध्याकाळी लागल्या आणि त्या सुखाच्या नव्हत्या. संपादिकेला मी वर्षभरात जे लिहिले होते त्यातला बराच भाग संपादनाविषयी नव्हताच. ‘दहाच्या बैठकीला उशीर होतोय’, ‘शुक्रवारची रजा पुढच्या आठवड्यात घेता येईल का’, ‘आधी सातवीचे विज्ञान हाती घ्या, भूगोल नंतर’, ‘हा पाठ अमुक पद्धतीनेच तपासा, टिपा उजव्या बाजूला द्या’, ‘दुपारी फोन लागत नव्हता’. काय हवे आहे हे सांगणे एक, आणि ते कधी, कोणत्या क्रमाने, कोणत्या रीतीने करायचे हे सांगणे दुसरे. पहिले कोणताही ग्राहक सांगतो. दुसरे फक्त मालक सांगतो. माझे जवळजवळ सगळे संदेश दुसऱ्या प्रकारचे होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना मी वर्षभरात लिहिलेले संदेश मात्र एका पानात मावले, आणि त्यातला सर्वांत कडक संदेश ‘संकेतस्थळ बंद आहे, कधीपर्यंत सुरू होईल?’ एवढाच होता. ते काम कसे करतात हे मला आजही ठाऊक नाही.

हे टिपण घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा वकीलबाईंनी मला काही निकाल वाचायला दिले. कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसाने निकाल वाचावेत, असे मी सरसकट सुचवणार नाही; पण या विषयात कलमांपेक्षा निकालांतली माणसे अधिक शिकवतात, हे खरे. पहिला निकाल धरांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य हा, सर्वोच्च न्यायालयाचा, १९५७ च्या निकालसंग्रहातला. कच्छच्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांना कंपनी जमिनीचे पट्टे वाटून देत असे आणि मोबदला मिठाच्या वजनावर मिळत असे. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, अगरिया कुटुंबासह राबत आणि मदतीला स्वतःच्या पैशाने माणसेही ठेवू शकत. हंगाम संपला की ते गावी शेतीवर जात. मी इथपर्यंत वाचले आणि हे स्वतंत्र व्यावसायिकच, असा निकाल मनाशी देऊन टाकला. न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. मिठागराच्या तयारीपासून मीठ काढेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती, आणि अगरिया स्वतः अंगमेहनत करत होता. मदतीला माणसे घेतल्याने त्याचे कामगारपण जात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

१९७३ सालचा सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा निकाल तर आमच्या चित्रकारालाच समोर ठेवून लिहिला आहे, असे वाटले. आंध्र प्रदेशातल्या एका शिवणकामाच्या दुकानातले शिंपी नगावर पैसे घेत, येण्याजाण्याची वेळ पाळण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, दुसऱ्या दुकानाचे काम घ्यायलाही ते मोकळे होते. तरीही शिलाई यंत्रे दुकानाची होती, आणि शिलाई पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा करायला लावण्याचा अधिकार दुकानाकडे होता. न्यायालयाने त्यांना कर्मचारी मानले, आणि नियंत्रण ही एकच कसोटी सर्वत्र पुरेशी पडत नाही, अनेक गोष्टींचे एकत्रित वजन पाहावे लागते, असेही स्पष्ट केले. याच्या नेमका उलटा निकाल इंग्लंडचा, १९६८ चा, रेडी मिक्स्ड काँक्रीट कंपनीचा. तिथला चालक कंपनीचा गणवेश घालत असे, त्याची लॉरी कंपनीच्या रंगात रंगवलेली होती, वरवर पाहता तो पुरता कंपनीचा माणूस दिसे. पण लॉरी त्याने स्वतः हप्त्यांवर घेतली होती, इंधन आणि दुरुस्ती त्याच्या पदरची होती, आणि गरजेला तो बदली चालक देऊ शकत होता. नफा आणि खोट दोन्ही त्याची होती, म्हणून तो स्वतंत्र ठरला. गणवेश असून एक स्वतंत्र, आणि हजेरीपट नसून दुसरे कामगार. या दोन टोकांच्या मध्ये मला माझी ११ माणसे बसवायची होती.

सुरुवातीला मी गुण देऊन पाहिले. अमेरिकेच्या करखात्याने १९८७ साली यासाठी २० मुद्द्यांची एक यादी प्रसिद्ध केली होती; पुढे त्या खात्यानेच ते मुद्दे वर्तनावरचे नियंत्रण, आर्थिक नियंत्रण आणि उभयतांचे नाते अशा तीन गटांत मांडले. जुन्या यादीचा तक्ता करून मी प्रत्येकापुढे खुणा केल्या. चित्रकाराचे ११ विरुद्ध ९ निघाले आणि मला हायसे वाटले. वकीलबाईंनी तो तक्ता बाजूला ठेवला. दोन गुणांच्या फरकाने कोणी व्यावसायिक ठरत नाही. एखादाच मुद्दा इतर सगळ्यांवर भारी पडू शकतो, आणि यादी फक्त काही पाहायचे राहू नये म्हणून असते, असे त्यांचे मत होते. ते मला नंतर पटले.

सोपी प्रकरणे दोन दिवसांत निकालात निघाली. सर्व्हरवाले आणि हिशेबनीस हे दोघे निःसंशय व्यावसायिक. त्यांचे अनेक ग्राहक, स्वतःची साधने, स्वतःचे दर, न जमल्यास स्वतःचा मदतनीस पाठवण्याची मुभा, आणि चूक झाली तर ती स्वखर्चाने निस्तरण्याची जबाबदारी. संपादिका आणि आमच्याच वेळापत्रकाने रोज काम करणारे चार पाठलेखक निःसंशय कर्मचारी.

ध्वनिचित्रफिती जुळवणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी निष्कारण अडून बसलो. तो आठवड्यातले दोनच दिवस येई, उरलेल्या दिवसांत अन्यत्र काम करी, म्हणून तो स्वतंत्रच, असा माझा हट्ट होता. पण त्या दोन दिवसांत तो आमच्या संगणकावर, आमच्या सांगण्याबरहुकूम, ठरलेल्या तासांत काम करत होता. कमी तास काम करणे आणि स्वतंत्र असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. तो अर्धवेळ कर्मचारी होता, इतकेच. आणि माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी अर्धवेळ कर्मचारी असू शकतो.

खरी गुंतागुंत चित्रकाराची. चित्रागणिक मोबदला, स्वतःच्या घरून काम, इतर प्रकाशकांचीही कामे, ही एक बाजू. दुसरीकडे, रेखाटनाचे उपकरण आणि सॉफ्टवेअरचा परवाना आम्ही दिलेला, रोज दहाच्या बैठकीला त्यानेही हजर राहायचे असा दंडक, आणि एका चित्रात पाच-सहा वेळा दुरुस्त्या सांगून त्याचे जादा पैसे न देण्याची आमची सवय. शिंप्यांच्या निकालाच्या धाकाने मी त्याला नोकरी देऊ केली, आणि त्याने ती सरळ नाकारली. त्याला दुसऱ्यांची कामे सोडायची नव्हती आणि दहाच्या बैठकीचा तर त्याला मनापासून कंटाळा होता. मला वाटले, त्याचीच इच्छा असल्यावर प्रश्न सुटला. तसे नव्हते. माणसाने ‘मला कर्मचारी म्हणू नका’ असे लिहून दिल्याने तो व्यावसायिक होत नाही. अशी संमती न्यायालये फारशी मोजत नाहीत, कारण गरजू माणूस कशावरही सही करतो. त्याला स्वतंत्र ठेवायचे असेल तर बदलायला आमचे वागणे हवे होते. उपकरण त्याने आमच्याकडून विकत घेतले, परवाना स्वतःच्या नावावर केला. दर त्याने सांगितला आणि तो आधीपेक्षा बराच वाढला. दोन दुरुस्त्यांपुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे, असे ठरले. बैठकीतून त्याचे नाव काढले. एखादे काम नाकारण्याचा त्याचा हक्क करारात आला, आणि महिन्याभरातच त्याने तो बजावलाही, ऐन परीक्षांच्या हंगामात. मी चिडलो, पण ज्याला काम नाकारता येत नाही तो स्वतंत्र कसा, हेही तेव्हाच नीट उमगले.

उरलेल्या दोघी परदेशात होत्या. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आमच्या एका पाठलेखिकेमुळे मला तिथली कसोटी वाचावी लागली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डायनामेक्स खटल्यात ती स्वीकारली आणि १ जानेवारी २०२० पासून ती कायद्यात आली. माणूस कर्मचारीच आहे असे आधी धरून चालायचे, आणि तो तसा नाही हे कामावर ठेवणाऱ्याने सिद्ध करायचे. त्यासाठी तो नियंत्रणातून मुक्त आहे, त्याचे काम संस्थेच्या नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे आहे, आणि त्याच प्रकारचा त्याचा स्वतःचा प्रस्थापित व्यवसाय आहे, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. पाठ लिहिणे हाच आमचा व्यवसाय असल्यामुळे दुसऱ्या अटीतच आम्ही नापास. मुक्त लेखकांसाठी तिथे सवलत आहे, पण तिलाही अटी आहेत, आणि त्यांतली एक अशी की त्या लेखकाला इतरांसाठी काम करण्यास मज्जाव नसावा. आमच्या सर्व करारांच्या नवव्या कलमात ‘संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय अन्य कोणाचेही काम स्वीकारू नये’ असे होते. हे कलम मी कुठल्यातरी नमुन्यातून ‘असलेले बरे’ म्हणून उचलले होते. चौथ्या कलमाने जे नाकारले ते नवव्या कलमाने कबूल केले होते, आणि पाच वर्षांत माझ्या ते लक्षात आले नव्हते. ते कलम काढल्यावर आणि मोबदल्याची रक्कम, देण्याची मुदत व लेखनाचे हक्क या बाबी करारात स्पष्ट लिहिल्यावर तो प्रश्न मार्गी लागला.

ब्रिटनमध्ये राहून मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंची फाइल अजून मिटलेली नाही. तिथे कर्मचारी आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मधोमध ‘वर्कर’ नावाचा तिसरा वर्ग आहे. त्याला कर्मचाऱ्याचे सगळे हक्क नाहीत, पण किमान वेतन आणि भरपगारी रजा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना याच वर्गात बसवले, आणि असे करताना लेखी करारापासून सुरुवात करणेच चूक आहे, असे म्हटले. आमच्या मुद्रितशोधक बाई या वर्गात बसतात की नाही, याचा सल्ला तिथल्याच वकिलाकडून घ्यायचा आहे. तोवर त्यांच्या रजेची रक्कम आम्ही वेगळी काढून ठेवतो.

या सगळ्यात एक गोष्ट अनपेक्षितपणे उलटी निघाली. कर्मचारी नाही म्हटल्याने आपले नुकसानही होऊ शकते, हे मला माहीतच नव्हते. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क, वेगळे काही ठरले नसेल तर, संस्थेकडे असतो. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या पाठाचा हक्क मात्र लेखी हस्तांतर झाल्याशिवाय त्याच्याकडेच राहतो. आमच्या मसुद्यात हस्तांतराचे कलमच नव्हते. म्हणजे आम्ही म्हणत होतो तसे ते सगळे खरोखर स्वतंत्र असते, तर आमच्या बहुतेक पाठांचे मालक आम्ही नव्हतोच.

मागच्या देण्यांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो पैशांचा आणि कागदपत्रांचा होता आणि त्यात शिकण्यासारखे फारसे नाही. सहा जणांना कर्मचारी म्हणून नेमताना नुसत्या नव्या तारखेची नेमणूकपत्रे द्यावीत, असे माझ्या भागीदाराचे मत होते. पण त्यांची आधीची सेवा पुसून टाकली असती तर जुनी चूक नव्या कागदावर तशीच चालू राहिली असती, म्हणून सेवा मूळ तारखेपासून धरली. थकलेली वर्गणी व्याजासह भरली, त्यासाठी कर्ज काढावे लागले. सहाजणांशी मी एकेकट्याने बोललो. दोघांना हाती येणारी रक्कम कपातीमुळे कमी होईल हे आवडले नाही, आणि त्यांची नाराजी अजून पुरती गेलेली नाही. संपादिकेने नेमणूकपत्र तिथेच, माझ्यासमोर, सगळे वाचले आणि रजेच्या कलमापाशी थांबून मागच्या तीन वर्षांत कापलेल्या दिवसांचे काय, एवढेच विचारले. ते पैसेही दिले.

गेल्या महिन्यात आम्हाला पाठांची चाचणी घेणारा एक माणूस हवा होता. भागीदाराने जाहिरातीचा मसुदा पाठवला: ‘फ्रीलान्स परीक्षक पाहिजे, सोमवार ते शुक्रवार, रोज चार तास, संगणक संस्थेचा, अन्य काम घेण्यापूर्वी कल्पना देणे आवश्यक.’ मी पहिला शब्द खोडून तिथे ‘अर्धवेळ’ लिहिले, शेवटची अट काढली आणि मसुदा परत पाठवला. त्याने फोन करून विचारले की मग खर्चाचा आकडाही बदलावा लागेल ना. लागणार होताच, आम्ही दोघांनी बसून तो पुन्हा मांडला.